आठवीचा मार्शल लॉ आणि बिनप्रेक्षकांचं नाटक

तासिका चौथी (धागाकर्ती), शनिवार, दुपारी ३:२०

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका शाळेत सोळा वर्षं इतिहास शिकवतेय. मधल्या सुट्टीआधीची चौथी तासिका कायम माझ्याच वाट्याला, पोरांचं अर्धं लक्ष डब्यात. त्यावरून हा आयडी.

आठवीला सविनय कायदेभंगाच्या धड्यात धारासना, बाबू गेनू यांच्या शेजारी आपलं सोलापूर येतं. येतं आणि लगेच जातं. पोरांची रिक्षा रोज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून, म्हणजे चार पुतळ्यावरून वळते, पण परीक्षेत फाशी गेलेले ते चार हुतात्मे (मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे) विचारले की तीनच नावं लिहिली जातात. प्रत्येक जण वेगळंच नाव विसरतो, एवढंच काय ते समाधान.

म्हणून दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात मी नाटक बसवलं. सगळा थाट केला. लाल दिवे, मागे तुतारी, विहिरीच्या दोराचा फास. पडदा पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या आया पदराने डोळे पुसत होत्या, मुख्याध्यापकांनी माईकवरून माझं नाव घेतलं. मीही चार दिवस हवेत होते.

पुढच्या आठवड्यात घटक चाचणी. प्रश्न होता, सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, का लागू झाला? धनशेट्टींची भूमिका केलेल्या पोराने लिहिलं, 'कारण इंग्रज वाईट होते.' खाली त्याचे नाटकातले चार संवाद, काना-मात्रेसकट.

दुसरी गोष्ट जास्त लागली. कुर्बान हुसेन झालेल्या मुलाने तालमीच्या वेळी विचारलं होतं, "मॅडम, मला हाच रोल का दिला?" मी म्हटलं, "उंची बघून दिला रे." तो काही बोलला नाही. वर्गात त्याच्याहून उंच सहा जण होते आणि ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

यंदा ठरवलं, स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, पाठांतर नाही. वर्गातच करायचं. अठ्ठावन्न पोरं, पस्तीस मिनिटांच्या चार तासिका.

पहिल्या तासाला फळ्याच्या एका टोकापासून खिडकीपर्यंत सुतळी बांधली. ६ एप्रिल १९३०, नगरपालिकेवर तिरंगा. ५ मे, गांधीजींच्या अटकेची बातमी. ८ मे, गोळीबार, शंकर शिवदारे गेले. १२ मे, मार्शल लॉ. ३० जून, मार्शल लॉ उठला. मग बरीच मोकळी सुतळी आणि पार खिडकीपाशी १२ जानेवारी १९३१, येरवड्यात चौघांना फाशी. ती मोकळी सुतळी बघून एका मुलीने विचारलं, "मॅडम, एवढे महिने ते काय करत होते?" सोळा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खटला, अपील, दयेचा अर्ज, घरच्यांचे हेलपाटे, हे सगळं त्या रिकाम्या सुतळीत होतं.

दुसऱ्या तासाला चिठ्ठ्या. गिरणी कामगार, विडी वळणारी बाई, टांगेवाला, छापखान्यातला जुळारी (खिळे जुळवणारा), नगरपालिकेतला कारकून, मंगळवार पेठेतला दुकानदार, पोलीस शिपाई. हुतात्म्यांची भूमिका कुणालाच दिली नाही. हा एकच नियम मी आधीपासून पक्का केला होता.

तिसऱ्या तासाला प्रत्येकाने वर्तमानपत्राची गांधी टोपी घडी घालून डोक्यावर चढवली. मी १२ मेचा हुकूम माझ्या शब्दांत वाचला. झेंडा नाही, जमाव नाही, ही टोपी नाही. आता आपापल्या भूमिकेतून ठरवा, टोपी ठेवायची की काढायची? काढली तर ठेवायची कुठे?

सुरुवातीला हसाहशी झाली, मग हळूहळू वर्ग गप्प झाला. एकीने डब्यात लपवली. कारकुनाने खिशात घातली, म्हणाला, "माझी नोकरी जाईल, पण फेकणार नाही." शिपाई झालेली मुलगी उठेचना. मी म्हटलं, "अगं, तू टोप्या काढायला लाव ना." तर म्हणते, "मॅडम, हा शिपाई इथलाच असणार ना? मग त्याचा भाऊ गिरणीत असेल की." ८ मेच्या दंगलीत पोलीसही मारले गेले होते, हे मी त्यानंतर सांगितलं. ते ऐकून घेतलं गेलं. एरवी हे वाक्य मी पुस्तकाबाहेरचं म्हणून गाळून टाकते.

आता गोंधळ. चौथ्या तासाला एकाने दुसऱ्याची टोपी फाडली आणि खरीखुरी मारामारी झाली. शेजारच्या वर्गाच्या बाई दोनदा दारात येऊन गेल्या. एका टांगेवाल्याने गोळीबाराचा 'व्हिडिओ काढला'. हे चालतं, हसून सोडून देता येतं. पण एका पोराने ठामपणे सांगितलं की गोळीबाराचा हुकूम द्यायला जनरल डायर सोलापुरात आला होता, आणि निम्म्या वर्गाने वहीत तसं लिहिलं. ते डायर काही केल्या निघत नव्हते.

तर विचारायचं हे, कल्पनेला मोकळं सोडायचं तर किती? आणि याचे गुण कसे द्यायचे?

वाचनमात्र, शनिवार, दुपारी ४:०५

सुतळीची आयडिया ढापतेय. सांगून ढापतेय.

संशयात्मा, शनिवार, संध्याकाळी ७:४८

ताई, कष्ट दिसतात, पण डायर आले यात आश्चर्य काय? अमृतसर १९१९, सोलापूर १९३०. पुस्तकात दोन्हींचे धडे वेगळे आहेत, अभिनयात मध्ये काहीच नाही. गोळीबार म्हटला की डोक्यात जो गोळीबार आधी बसलाय तोच येणार.

माझा आक्षेप मुळातलाच आहे. कला चिकटते, खरं तेवढं चिकटत नाही. तानाजी म्हटलं की तुम्हाला आधी काय आठवतं? घोरपड. पुरावा म्हणाल तर ती पोवाड्यातली आहे. ४ फेब्रुवारी १६७० ही तारीख कुणाला आठवते? दोरखंड लावून गड चढणं हे मुळातच थरारक, त्यात घोरपड कशाला हवी? पण ती आली आणि साडेतीनशे वर्षं गडावरून उतरायला तयार नाही. तुमच्या वर्गातले डायर याच घोरपडीचे वंशज.

इतिहासाच्या तासाला इतिहास शिकवावा. नाटकाला मराठीचा तास आहे.

पूर्व भागातला, शनिवार, रात्री ९:३०

दुपारपासून धागा वाचूलालो. संशयात्मा सर, तुमचं बरोबर हाय, पण माझं ऐका.

आमच्या घरात तीन पिढ्या माग. आजोबा गिरणीत, वडील यंत्रमागावर, मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढतो. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कानडी. शाळेत इतिहास म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घराणं, असंच वाटायचं. आमच्या आजीने आयुष्यभर विड्या वळल्या, ती कुठल्या धड्यात नव्हती. ताईंच्या चिठ्ठीत 'विडी वळणारी बाई' वाचली आणि जरा थांबलो.

एक सांगतो, करून बघा. पोरांना पेन्सिल बाकावर आपटायला लावा. एका रांगेने खट्, दुसरीने खटक्, तिसरीने हाताने घासायचं. अठ्ठावन्न पोरं, दोन मिनिटं, थांबायचं नाही. मग त्या आवाजात तुम्ही शेवटच्या बाकाला काहीतरी सांगा. ऐकू येणार नाही. आता म्हणा, हे दहा तास. आमच्या आजोबांना म्हातारपणी ऐकू यायचं नाही, आणि गिरणीत सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं पाठ करायला पाच मिनिटं लागतात. तो आवाज मात्र पोरं घरी घेऊन जातील.

दुसरं जेकॉर्ड. सोलापुरी चादरीवरची नक्षी रंगवलेली नसते, विणलेली असते, हे सोलापूरच्याच पोरांना ठाऊक नसतं. पुठ्ठ्याला भोकं असतात. भोक असलं की तो दोरा उचलला जातो, नसलं की खाली राहतो. फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र काढलं, त्याच्या नावाचं आपण जेकॉर्ड केलं. चौकटीच्या वहीत पोराला एक मोर काढायला सांगा, प्रत्येक घर एकतर भरलेलं नाहीतर रिकामं. अर्ध्या तासात त्याला कळतं की डिझाइन काढणारा, पुठ्ठा पाडणारा आणि माग चालवणारा हे तिघं वेगळे आणि तिघांची मजुरी वेगळी. औद्योगिक क्रांतीचा धडा याच्या आधी घ्या की नंतर, चालतंय.

रेघोट्या, शनिवार, रात्री ११:०२

मी चित्रकलेचा शिक्षक. मला या धाग्यातलं एक खटकतंय, आणि ते दोन्ही बाजूंबद्दल आहे.

कलेतून इतिहास म्हटलं की कला हमाल होते. इतिहासाचं ओझं उचला, परीक्षेपर्यंत पोचवा, मजुरी घ्या. 'शिवाजी महाराजांचं चित्र काढून आणा' हा गृहपाठ यातलाच. पोरगं पुस्तकातलं चित्र गिरवून आणतं, आपण सही करतो. यात बघणं कुठे आहे?

माझा अनुभव दिवाळीच्या किल्ल्याचा. आपल्याकडे घरोघर पोरं माती कालवून किल्ला करतात, हळीव पेरतात, मावळे मांडतात. कुणी न शिकवता चालू असलेला हा इतिहासाचा सगळ्यात मोठा कलावर्ग. पण एक गंमत बघा. सोलापुरात, भुईकोटापासून हाकेच्या अंतरावर राहणारी पोरंसुद्धा डोंगरी किल्लाच करतात. वर निमुळता, खाली गुहा. मी एका वर्षी सहावीला सांगितलं की या दिवाळीला भुईकोट करायचा. आधी पोरं रुसली, 'सर, तो सपाट आहे, मजा नाही.' मग त्यांना घेऊन गेलो. नुसतं बघायचं आणि रेघा मारायच्या. एक तासाने प्रश्न सुरू झाले. भिंत दुहेरी का? खंदक का? एका अंगाला सिद्धेश्वराचं तळं आहे, ते किल्ल्यासाठी की किल्ला तळ्यासाठी? डोंगर नसलेल्या मुलखात डोंगराचं काम कोण करतं, हे त्यांनी मातीत करून बघितलं. खंदकात पाणी ओतल्यावर आतली माती ढासळायला लागली तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणून दगडी पाहिजे." बहमनी काळ, आदिलशाही, सगळं मी त्यानंतर सांगितलं. तोवर ऐकायला कारण तयार झालं होतं.

त्या वर्षी एकानेही चित्र 'छान' काढलं नाही. मला चाललं.

अवांतर: दहावीच्या इतिहासात भारतीय कलांचा इतिहास आहे. तो शिकवायला चित्रकलेच्या शिक्षकाला कधी बोलावलंय का कुणी? आम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांचे फॉर्म भरत बसतो.

आठवीतल्या पोराचा बाप, रविवार, सकाळी ८:१५

प्रामाणिक प्रश्न. माझा मुलगा अशाच एका उपक्रमातून आला, खूश होता, जेवताना अर्धा तास बोलला. पण चाचणीत गुण आले नेहमीएवढेच. मग हे आम्ही कशात धरायचं? शिकवणीवाले सर म्हणतात, हे सगळं सहावीपर्यंत ठीक.

खडूधूळ, रविवार, सकाळी ९:४०

पालक महोदय, तो जेवताना अर्धा तास बोलला, हे तुम्हीच लिहिलंय.

मी निवृत्त. छत्तीस वर्षं शिकवलं, आता बोलायला मोकळा आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला-एकात्मिक अध्ययन हा शब्द आला आणि मला भीती वाटली. आता प्रत्येक चांगल्या गोष्टीचा फोटो काढावा लागणार. तसंच झालं. वर्गात काही करा, आधी मोबाईल वर. पोरं फोटोकडे बघून हसतात, ग्रुपवर टाकला, वरून अंगठा आला, उपक्रम संपला. ताईंनी प्रेक्षक काढून टाकले याचं मला सगळ्यात जास्त कौतुक. पण मोबाईल नावाचा प्रेक्षक बाहेर ठेवता आला का, ते सांगा.

गुणांचं म्हणाल तर अभिनयाला गुण देऊच नका. ज्याला बोलता येतं तोच दरवेळी जिंकतो. भूमिका संपली की त्याच भूमिकेतून एक पत्र लिहायला लावा आणि पत्रातल्या तीन गोष्टी पुस्तकात शोधून अधोरेखित करायला सांगा. गुण अधोरेखित ओळींना.

बार्शीकर, रविवार, दुपारी १२:३०

संशयात्मा, घोरपडीला तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. मी तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो.

पोवाडा खरा की खोटा, हा प्रश्नच आठवीच्या वर्गात अर्धवट आहे. कुणी गायला, कुणापुढे, कधी, बिदागी कोण देणार होतं, हे विचारा. अफजलखान वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातला. महात्मा फुल्यांचा शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ चा. राजा एकच, गाणारे दोन, मध्ये दोनशे वर्षं. फुले राजाला कुळवाडीभूषण म्हणतात. हा एकच शब्द फळ्यावर लिहा आणि विचारा, १८६९ मध्ये हा शब्द कुणाला सुखावला असेल आणि कुणाला टोचला असेल? हा इतिहासच झाला की, आणि डफावर झाला.

आमच्या बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मैदानात उभे राहून गायचे, तेव्हा समोरच्या कित्येकांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. त्यांचं गाणं ही त्या लोकांची बातमीही होती आणि मतही. ही बातमी कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं, एवढं जरी पोराला वेगळं काढता आलं तरी पुढे आयुष्यभर व्हॉट्सअॅपवर कामाला येईल.

रामजोशी तर तुमच्या सोलापूरचेच. लावणीकार म्हणून वर्गात घ्यायला आपण बिचकतो, ते सोडा.

संशयात्मा, रविवार, दुपारी २:१०

बार्शीकर, मुद्दा पटला. अर्धा. तुमच्या पद्धतीत पोवाडा तपासला जातो, ताईंच्या पद्धतीत पोरं स्वतः पोवाडा रचतात. रचलेला तपासायचा कधी?

माझ्याकडचं एक देतो, नुसतीच टीका नको. हत्तरसंग कुडल, भीमा-सीनेचा संगम, इथून चाळीसेक किलोमीटर. तिथला शिलालेख शके ९४० चा, म्हणजे १०१८. मराठीतला. शेवटचं वाक्य 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे वाचेल तो विजयी होईल. मी भाच्यांना घेऊन गेलो होतो. सांगितलं, हात लावायचा नाही, कोळसा घासायचा नाही, लांबून बघून अक्षरं जशी दिसतात तशी कागदावर काढा. नऊ वर्षांच्या भाचीने एक अक्षर चार प्रकारे काढलं आणि विचारलं, "मामा, दगडावर रबर नव्हतं, मग चुकलं तर काय करायचे?" मला उत्तर आलं नाही. रेघोट्या सर म्हणतात ते बघणं हेच असावं.

रेघोट्या, रविवार, दुपारी २:२५

हेच. कोळसा घासू दिला नाहीत, त्याबद्दल एक चहा माझ्याकडून.

तासिका चौथी (धागाकर्ती), रविवार, रात्री ८:५५

सगळ्यांची उत्तरं एकदम देते, उद्या पहिली तासिका ऑफ नाही.

खडूधूळ सर, मोबाईल बाहेर ठेवता आला नाही. तिसऱ्या तासाला वरिष्ठ फोटो काढायला आले. शिपाई झालेली मुलगी, जी उठायला तयार नव्हती, ती फोटोसाठी पटकन उठली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. ग्रुपवर तोच फोटो आहे. तिचं न उठणं कुठेच नाही. पत्र आणि अधोरेखनाची युक्ती मात्र याच आठवड्यात करते.

संशयात्मा, 'रचलेला तपासायचा कधी' हे वाक्य मी टाचणवहीत लिहून ठेवलंय. माझी चूक अशी झाली की चौथा तास मारामारीत गेला आणि तपासणीला वेळच राहिला नाही. म्हणजे चारातला एक तास आधीच राखून ठेवायला हवा होता. काल डायरवर एक उपाय केला. सुतळी काढली नव्हती, ती डावीकडे वाढवली. तारखेच्या हिशोबाने १९१९ दरवाजाबाहेर, व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलं. डायरची चिठ्ठी तिथे लटकवून आलो. "तिथून इथपर्यंत यायला त्याला अकरा वर्षं लागली असती," असं त्याच पोराने जाहीर केलं. वहीतली वाक्यं त्यांनीच खोडली. मुख्याध्यापकांनी चिठ्ठी काढून टाकली, ते वेगळं.

पालक सर, गुण यंदा वाढणार नाहीत, खोटं कशाला सांगू. पण यंदा 'इंग्रज वाईट होते म्हणून' असं उत्तर अठ्ठावन्नात तिघांनीच लिहिलं. त्यातला एक माझ्या शेजारणीचा मुलगा आहे आणि तो त्या आठवड्यात गैरहजर होता.

तो उंचीवाला मुलगा आता दहावीत आहे. परवा वर्गात डोकावला, टोप्या बघून म्हणाला, "यंदा कुर्बान हुसेन कोण?" म्हटलं, कुणीच नाही. म्हणाला, "बरंय." आणि थोड्या वेळाने परत येऊन, "मॅडम, ते गझनफर नावाचा पेपर चालवायचे. तुमच्या नाटकात ते नव्हतं." खरंच नव्हतं. मी त्यांना फक्त फासावर चढवलं होतं. यंदा चिठ्ठ्यांत छापखान्यातला जुळारी होता, पण पेपर काढणारा नव्हता. पुढच्या वर्षी घालते.

एक अडचण. १२ जानेवारीला चार पुतळ्यापाशी जाऊन काही करायचा विचार आहे, पण त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वज, अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम. शाळेत पटाच्या निम्मी पोरं. कुणी जमवलंय का?

वाचनमात्र, रविवार, रात्री ९:२०

यात्रेलाच धडा करा ना. साती नंदीध्वज दरवर्षी ठरलेल्या वाटेने जातात. कुठली काठी कुणाच्या मानाची, ते पोरांनी घरी विचारून नकाशा काढायचा. सुट्टीचा गृहपाठ. हुतात्म्यांचं सुट्टीनंतर घ्या, तारीख चुकली म्हणून ते रागावणार नाहीत.

पूर्व भागातला, रविवार, रात्री ९:४१

ताई, पेन्सिलींचं केलं का? शेजारच्या बाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

तासिका चौथी (धागाकर्ती), रविवार, रात्री ९:५०

बुधवारी करतेय. शेजारच्या बाईंना शेंगाची चटणी देऊन आलेय. जेकॉर्डचे जुने पुठ्ठे कुठे मिळतील का, वर्गात हातात द्यायला? चार-पाच पुरेत.

पूर्व भागातला, रविवार, रात्री ९:५८

आमच्या माळ्यावर दोन पोती पडलीत. आई जाळायला काढत होती, थांबवलंय. मोराचं डिझाइन हाय की नाही ते उन्हात धरून बघावं लागंल. मंगळवारी संध्याकाळी कुणाला तरी पाठवा, पत्ता व्यनित (खाजगी निरोपात) देतो.